मथुराकाकूचा कच्चा टाका

मथुराकाकूला वाकून नमस्कार केला तर ती डोक्यावर हात ठेवत नाही. शर्टाची शिवण चिमटीत धरते आणि दोन्हीकडून ओढते. उसवली नाही, तर मग पोराबाळांची चौकशी. उसवली, तर आपलं काही खरं नाही. "कोनं शिवलं बे हे? चार धुन्यात बोंबलीन!"

धुणं हे तिचं माप. वर्षं-महिने तिला समजत नाहीत असं नाही, पटत नाहीत. नवी सून आली की, "पाहू, किती धुने टिकते." पाहुण्यांनी आणलेल्या ब्लँकेटला, "दोन." एकदा एका मयतीत तिने प्रेतावरचं नवं कापड बोटांत चोळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे तं एका धुन्याचंबी नाही." रडणाऱ्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. हसू दाबायला, हे मी स्वतः पाहिलंय.

मोताळ्यात तिची आणि आमची भिंत एकच. ओसरीत एक मशीन, एक स्टूल आणि रिळांनी भरलेला बिस्किटाचा डबा, एवढंच तिचं पिकोचं दुकान. साड्यांना पिको-फॉल करते आणि गोधड्या शिवते. गोधडीवर ती रंगीत कापडाची फुलं, पोपट, हत्ती कापून मशीनने जडवते. हत्ती डुकरासारखा दिसतो असं मी एकदा म्हणून गेलो, तर दोन महिने बोलली नाही माझ्याशी. बरं, दिसतोच तो तसा.

गेल्या दिवाळीआधी माझी आई वारली. बाबांचं डोकं त्याच्या आधीच गेलं होतं. मला ते ओळखत नव्हते. आई गेली हेही त्यांना कळलं नाही, ती कुठे आहे एवढंच दिवसभर विचारायचे. तिचं एखादं जुनं लुगडं हातात दिलं की गप्प व्हायचे. काढून घेतलं की ओरडायचे, मारायला उठायचे. अंथरूण रोज ओलं, त्यामुळे लुगडंही रोज धुवायचं. महिन्याभरात त्याच्या चिंध्या झाल्या. आईची आणखी चारच सुती लुगडी उरली होती. ती संपल्यावर या माणसाच्या हातात काय द्यायचं?

शेवटी चारही लुगडी उचलली आणि काकूच्या ओसरीत नेऊन ठेवली. म्हटलं, गोधडी शिव, पण टिकली पाहिजे.

"किती धुने?"

"रोज एक."

"तसं नाही. बापाचे किती राह्यले?"

असं तोंडावर विचारते ती! माझं डोकंच फिरलं. "मी काय यमाचा कारकून आहे?"

"मंग दोरा कसा निवडू बे म्या?"

दोरा मी बाजारातून घेऊनच गेलो होतो. चकचकीत, पॉलिस्टरचा, दातांनीही तुटत नव्हता. तिने तो हातात घेतला, एक हिसका दिला आणि माझ्या अंगावर फेकला.

"हा तुटत नाही."

"म्हणून तर आणला!"

"अक्कल गहान ठेवली काय बे? लुगडे धुऊधुऊ नरम झाले. हा दोरा तुटनार नाही, तं कापडालेच कापीन. दोरा कापडापेक्षा गरीब पाह्यजे. दोरा तुटला तं म्या पुन्हा घालीन. लुगडं फाटलं तं तुही माय येनार हाये काय दुसरं घिऊन?"

मग हळूच म्हटलं, निदान झिगझॅग तरी गच्च घाल. त्यावरही बोलणी खाल्ली. गच्च टाके म्हणजे सुईची गच्च भोकं, आणि जुनं कापड भोकांवरून तिकिटासारखं फाटतं म्हणे. तिने बारीक सुई लावली, साधा सुती दोरा घेतला, फुलांच्या कडा आत दुमडल्या आणि वरून विरळ झिगझॅग घातला. त्याआधी लुगडी तीनदा धुतली, आटायची ती आटू देत, रंग जायचा तो जाऊ दे म्हणून. आठ दिवस लागले. पहिल्या धुण्याला दगडावर गोधडी तिने स्वतः आपटली, आणि मी शेजारी उभा राहून शिव्या खाल्ल्या.

बाबांनी गोधडीवरून हात फिरवला. एका फुलावर हात थांबला, आणि ते झोपले. मी मागच्या अंगणात जाऊन रडलो.

तेव्हापासून दर बुधवारी काकू हजर. "शिवन पाहाले आली." कोपऱ्यातलं एक डाळिंबी फूल दर वेळी उसवलेलं निघायचं. ते शिवत ती बाबांपाशी तासभर बसायची. मला काय, आयतं सापडलं! "काय काकू, तुझंच काम चार धुण्यात बोंबललं?" एरवी शिव्या घालणारी ही बाई नुसती सुईत दोरा ओवायची. हे काही मला झेपलं नाही.

एके दिवशी दोरीवर गोधडी वाळत घालताना ते फूल नीट पाहिलं. बाकी फुलांना झिगझॅग होता. याच्या एका कडेला मात्र हाताने घातलेला लांब-लांब कच्चा टाका. कापड तात्पुरतं धरून ठेवायला शिंपी घालतात आणि मग ओढून काढतात, तो. म्हणजे ही बया मुद्दाम कच्चं ठेवत होती! तो बुधवारच होता आणि काकू आत बसली होती. मी तणतणत निघालो आणि दारातच थांबलो.

"जेवली काय वं?" बाबा विचारत होते.

"नाही अजून," काकू म्हणाली. "तुमचं झालं की जेवते."

"उशीर काऊन केला?"

"पानी भरून राह्यली होती."

बाबांनी तिचा हात आईचा समजून गच्च धरला होता. मला पाहिलं तशी ती हात सोडवून ओसरीत आली. आधी म्हणाली, दोरा घ्यायला उठले. मग तिचं तिलाच राहवलं नाही.

"नवरा सुरतेले गेला त्याले बावीस वर्षं झाले. तवापासून जेवली काय म्हून मले कोनी इचारलं नाही, दिलीप. तू तरी इचारलं काय?"

नव्हतं विचारलं. भिंतीला भिंत लागून घर, आणि मी कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"तो टाका कच्चाच राहू दे," मी म्हणालो.

होळीच्या चार दिवस आधी, दुपारी बाबा गेले. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, त्याच्या मागोमाग मसनात नेऊन टाकतात. आत्याने सगळं गाठोड्यात बांधायला घेतलं. काकू आली, पण नात्याची नाही म्हणून रडणाऱ्या बायकांत बसली नाही. गाठोड्यातून तिने गोधडी ओढून घेतली, पदराची सुई काढली आणि डाळिंबी फुलाची कड शिवायला बसली. बारीक टाके, दुहेरी दोरा, प्रत्येक टाक्याला गाठ.

"अवं मथुरे," आत्या म्हणाली, "ते आता मसनात चाललं. त्याले पक्का टाका कायले घालतं?"

काकूने दातांनी दोरा तोडला.

"आता मले येनं नाही ना वं," ती म्हणाली, आणि गोधडी आत्याच्या हातात देऊन उठून गेली.