हॉलमधली येळवस

उदगीरच्या गुरुपादप्पांचा ठाम दावा होता, की त्यांना विचारल्याशिवाय ढगसुद्धा जागचा हलत नाही! भांड्यांच्या दुकानात कुणी कढई बघायला आलं, तर आधी त्याला आभाळाची हकीकत ऐकावी लागे. मोबाईलमध्ये हवामानाची तीन ॲप होती. तिन्ही तीन तऱ्हेचं बोलत, त्यामुळे त्यातलं एखादं खरं ठरेच. मग गुरुपादप्पा छाती काढून सांगत, "आपण ह्याच्यावरच चालतो!" तिन्ही चुकली, तर वारा फिरला म्हणत. बिचारा वारा काही उलट बोलायला येत नसे.

हे सगळं खपून गेलं असतं हो! पण यंदा त्यांनी येळवशीलाच हात घातला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-उदगीरकडच्या माणसाला ती काय सांगायची! इतरांसाठी एवढंच, की ऐन थंडीतल्या त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा झाली की पिकावर आंबील शिंपडायची. मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील! वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाताला धरून जेवायला बसवायचं.

आणि यंदा तर लेकीचे सासू-सासरे पहिल्यांदाच मुक्कामाला येणार होते. मंजुश्री ही गुरुपादप्पांची एकुलती एक मुलगी. तिनं नांदेडच्या राघवेंद्रशी आपल्या मर्जीनं लग्न केलं. जात वेगळी, रीत वेगळी. दोन्ही घरं रजिस्ट्रारच्या ऑफिसात जमली, पेढा खाल्ला आणि आपापल्या गाडीत बसली. तेव्हापासून एका पंगतीला बसणं म्हणून नाही! फोनवर "तब्येत बरी ना?" यापुढे बोलणं सरकत नव्हतं. रत्नम्माच्या, म्हणजे मंजुश्रीच्या आईच्या, जिवाला ते फार लागलं होतं. शेतात मांडीला मांडी लावून जेवलं की माणूस मोकळं होतं, असा तिचा हिशेब. म्हणून तिनंच हट्टानं त्यांना येळवशीचं बोलावणं धाडलं होतं.

आदल्या दिवशी सकाळी गुरुपादप्पा मोबाईल नाचवत स्वयंपाकघरात आले.

"उद्या दुपारी पाऊस! तिन्ही ॲप एका सुरात!"

"ह्या थंडीत?" रत्नम्मा म्हणाली.

"अवकाळी! तिघांचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ हाय. इवाई रिटायर मास्तर. चिखलात घसरून पडले, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल!"

"मंग?"

"येळवस घरात करायची!"

रत्नम्माच्या हातातला उंड्याचा गोळा परातीत पडला. "घरात? पांडव काय टीव्हीसमोर बसवता का?"

"टीव्ही जरा सरकवू की!"

दुपारी टेम्पो शेतात गेला आणि कडबा भरून निघाला. शेजारच्या शेतातला शिवमूर्ती स्वतःची कोप बांधता बांधता थांबला. "काका, सगळं गाव शेताकडं यायलंय, आन् तुम्ही शेतच गावाकडं न्यायलात!"

"उद्या भिजशील, तवा आठव आपल्याला!"

संध्याकाळपर्यंत सोफा आणि शोकेसच्या मधोमध कोप उभी राहिली. तिचा शेंडा पंख्याला टेकला, म्हणून बटणावर चिकटपट्टी लावली. रत्नम्मानं कपाळावर हात मारून घेतला आणि भज्जीच्या शेंगा सोलायला बसली.

दुसऱ्या दिवशी आभाळ कसं होतं म्हणता? गुरुपादप्पांच्या दुकानातल्या नव्या ताटासारखं लख्ख! गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळे शेतात गेले होते.

"ढग वाटेत असतील," गुरुपादप्पा म्हणाले.

ढगांच्या आधी व्याही आले. जावयाला सुट्टी नव्हती, म्हणून मंजुश्रीच दोघांना घेऊन आली. वसंतरावांच्या डोक्यावर उन्हाची टोपी आणि पायात खास शेतासाठी घेतलेले बूट. सौदामिनीबाईंनी पदर खोचलेला. मंजुश्रीनं दारातून कोप पाहिली आणि तिचा चेहराच उतरला.

"या, या! येळवशीत या!" गुरुपादप्पा म्हणाले.

"अच्छा! अशी असते होय?" वसंतराव म्हणाले. सज्जन माणूस! त्यांना वाटलं, रीतच असावी. त्यांनी कोपीला हात जोडले. मग सोफ्यालाही जोडले, न जाणो, तोही पूजेतला असायचा!

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण गुरुपादप्पांची जीभ काही उचलेना.

पूजा झाली. आता आंबील शिंपडायची, तर पीक कुठं? खिडकीतल्या मनीप्लांटवर पहिला मान गेला. "ओलगे!" अशी येळवशीला शेतभर घुमणारी आरोळी गुरुपादप्पांनी हॉलमध्ये ठोकली. वसंतराव दचकून वळले आणि दुसरा शिंतोडा थेट त्यांच्या नव्या स्वेटरवर!

"असू द्या, असू द्या," ते म्हणाले. "शुभच असेल!"

तेवढ्यात उघड्या दारातून गल्लीतली कबरी गाय आत आली. बिचारीला सकाळपासून कुणी भाकरतुकडा दिला नव्हता, आणि इथं कडब्याचा घमघमाट! तिनं कोपीतली एक पेंढी उपसली. सौदामिनीबाई टुणकन सोफ्यावर चढल्या आणि वरूनच त्यांनी अदबीनं विचारलं, "हिचीपण पूजा करायची असते का?"

मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो आई! असं काहीच नसतं! येळवस शेतात असते! हे सगळं अप्पांच्या मोबाईलनं केलंय!"

गायसुद्धा चघळायची थांबली. खिडकीतून आलेलं ऊन नेमकं पांडवांवर पडलं होतं. गुरुपादप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मोबाईल काढला आणि सगळ्यांच्या देखत तिन्ही ॲप पुसून टाकली.

"आजपासून आपला आन् ढगाचा संबंध तुटला!"

एवढ्यावर थांबले असते, तर ते गुरुपादप्पा कसले! आपण किती सुधारलो हे दाखवायला त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या गाद्या, गोधड्या, रजया गच्चीवर नेऊन उन्हात टाकल्या. "पावण्यांना रात्री कशी ऊबदार लागतील! आता चला शेताला!"

गाय हाकलली, भांडी गाडीत कोंबली, आणि मंडळी देवणी रोडच्या शेतात पोचली. शिवमूर्तीनं आपल्या कोपीत जागा करून दिली. वर म्हणाला, "काका, भिजलो न्हाई अजून!" गुरुपादप्पा खाली मान घालून भज्जी खात राहिले.

पण जेवण असं रंगलं म्हणता! वसंतराव हरभऱ्यात उतरून आंबील शिंपडत पोरासारखे ओरडले. सौदामिनीबाईंनी तिसरा उंडा मागून घेतला आणि हळूच म्हणाल्या, "रत्नम्मा, मला वाटायचं, तुमच्या मनात आमच्याबद्दल अढी आहे."

"अगं बाई! आन् आमाला वाटायचं, तुमच्या मनात हाय!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि खळखळून हसल्या. रत्नम्माच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायचंही तिला सुचलं नाही. शेतात पावसाचा थेंब पडला नाही. उदगीरच्या बाजूला मात्र आभाळ काळं झालेलं गुरुपादप्पांना दिसत होतं. पण संबंध तुटला होता ना! बोलणार कसे?

दिवस मावळता मावळता मंडळी परत निघाली. रस्ता कोरडा, शेतं कोरडी. आणि गावाच्या वेशीत शिरतात, तर डबकीच डबकी! गुरुपादप्पांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि बुटासकट डबक्यात उभे राहिले.

"पडला! बघा, पडला का न्हाई! तिन्ही ॲप बराबर होती! आपण म्हणलं होतं!"

गाडीच्या खिडकीतून रत्नम्मा शांतपणे म्हणाली, "गाद्या कुठं हायेत?"

गुरुपादप्पांचे हात वरच्या वर राहिले.

गच्चीवरून पाणी जिन्यात गळत होतं. अख्ख्या घरात कोरडं अंथरूण म्हणून उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त हॉलमधली कोप! वसंतरावांनी कडबा नीट पसरला, त्यावर कपाटातली चादर टाकली, आडवे झाले आणि पाय ताणून म्हणाले, "वा! कोप घरात आणलीत, हे फार छान केलंत. खरं सांगू? सकाळपासूनच माझा हिच्यावर डोळा होता!"

"मीपण इथंच," म्हणत सौदामिनीबाईंनी उशीला एक पेंढी घेतली. मंजुश्री हसून हसून बेजार झाली.

ओल्या जिन्यात उभे राहून गुरुपादप्पांनी हळूच बायकोला म्हटलं, "पर अंदाज बराबर होता. एवढं तरी म्हण."

"हाव, बराबर होता," गोधडीचं एक टोक त्यांच्या हातात देत रत्नम्मा म्हणाली. "आता पिळा!"