संपर्कासाठी मामांचा नंबर

"शेखर, तू काळजी नको करू. यंदाची खबरबात अशी काढतो का लोक घरोघरी वाचतील," नत्थुजी गुरुजींनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं. पुढं जे काही झालं ते झालं, पण या वाक्यात खोटं काही निघालं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

शेखर हा गुरुजींचा जुना विद्यार्थी. आता तो अमरावतीला विद्यापीठात नेतृत्व शिष्यवृत्तीचं काम पाहतो. शिष्यवृत्ती घेऊन बाहेर पडलेली मुलं कुठं आहेत, काय करताहेत, हे सांगणारा 'खबरबात' नावाचा अंक दरवर्षी निघतो. आजवर तो मोबाइलवर जात असे आणि शुभ सकाळच्या गुलाबांखाली गाडला जात असे. गुरुजींनी म्हटलं, हे काम माझ्याकडं दे. ज्या माणसानं चौथीच्या पोरांना एकोणतीसचा पाढा गोड करून दिला, त्याला एवढासा अंक काय जड?

खरं सांगायचं तर गुरुजी हा अंक एकाच वाचकासाठी काढत होते. त्याचं नाव मोतीराम.

अकोल्यात जठारपेठेत, गुरुजींच्या घराच्या कोपऱ्यावर मोतीरामचं फुलांचं दुकान. शहराबाहेर त्याचा शेवंतीचा नि झेंडूचा मळा. त्याची मुलगी आचल हिला गुरुजींनीच मुळाक्षरं गिरवायला शिकवली होती. पुढं ती शिकली, शिष्यवृत्ती मिळवली, पदवी घेतली. आता शिष्यवृत्तीचा शेवटचा टप्पा उरला होता. वर्षभर चिखलदऱ्याला राहायचं आणि तिथल्या कॉफी पिकवणाऱ्या बायांना सोबत घेऊन त्यांची स्वतःची विक्री उभी करायची. रीत अशी, की माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्यात मुलीच्या बापानं मंचावर येऊन होकार द्यायचा. होकार नाही, तर जागा दुसऱ्याला.

मोतीरामचा होकार नव्हता.

"गुर्जी, पोट्टी वर्षभर जंगलात काय करन?" तो हार गुंफता गुंफता विचारी.

"बायांची संस्था उभी करन."

"आन् मंग?"

"मंग तिचं नाव होईन."

"लय नाव झालेल्या पोट्टीले कोण सून करून घेते, गुर्जी?"

हे तो रागानं म्हणत नसे. फुलातून सुई काढावी तितक्या सावकाश म्हणे. "मी वाईट नाई सांगून राहिलो. मले भेव वाटते."

भ्यालेल्या मुलाला रागावून शिकवता येत नाही, हे गुरुजींना आयुष्यभराच्या मास्तरकीनं शिकवलं होतं. त्याला ओळखीच्या वाटेनं न्यावं लागतं. मोतीरामची वाट त्यांना ठाऊक होती. कोणाचंही नाव काढा, मोतीराम आधी विचारणार, "कोणाचा? गाव कोणतं? मामा कुठले?" ही उत्तरं मिळेपर्यंत तो माणूस मोतीरामच्या लेखी जन्मालाच आलेला नसे. तेव्हा गुरुजींनी ठरवलं, अंकात प्रत्येकाचा असा परिचय द्यायचा, की मोतीरामला परकं कोणी वाटू नये.

मग काय, प्रत्येकाचा हसरा फोटो आला. मूळ गाव आलं. जन्मतारीख आली, का, तर वाढदिवसाच्या शुभेच्छा देता याव्यात. शिक्षण, नोकरी, घरची शेती, तिच्यात ओलिताची किती. मामांचं आडनाव, मामांचं गाव. आणि शेवटी, संपर्कासाठी मामांचा नंबर.

शेखरनं विचारलं, "गुर्जी, मामाचा नंबर काहून?"

"पोट्टे नंबर बदलवतात. मामा बदलत नाई."

"आणि लग्न झालं का नाही, ते लिहायचं?"

"नाव नको काढू. लगनावरून का माणसाचं नेतृत्व ठरते?"

या उत्तराचा गुरुजींना अभिमान वाटला. शेखरनं पुढं काही विचारलं नाही. चौथीतही तो दोन प्रश्नांच्या पुढं कधी गेला नव्हता.

मुलांना गणित द्यायचं तर आधी एक फळ्यावर सोडवून दाखवावं, या नियमानं गुरुजींनी पहिला परिचय नमुना म्हणून स्वतःचाच दिला. कोटातला फोटो, गाव, निवृत्तिवेतन, सगळं यथासांग. मामा देवाघरी गेलेले, म्हणून घरचाच नंबर टाकला.

छपाई भगवंतरावांच्या छापखान्यात. तुळशीचं लग्न लागलं, की त्या छापखान्यातून लग्नपत्रिकांखेरीज दुसरं काही बाहेर पडत नसे. भगवंतरावांनी मजकूर पाहिला, काही विचारलं नाही, आणि हात बसला होता त्याप्रमाणे पिवळा कागद घेतला. वर गणपती बसवला, कडेनं आंब्याच्या पानांचं तोरण काढलं. गुरुजींना ते फार मंगल वाटलं.

घरी आणलेला अंक त्यांच्या पत्नीनं, जमुनाबाईंनी, चष्मा लावून पाहिला.

"अहो, हे कायचं पुस्तक होय?"

"माजी विद्यार्थ्यांचं."

"असं का. मले वाटलं..."

"तुले काय वाटलं ते मंग सांग. पहिले चहा ठेव."

जमुनाबाईंनी चहा ठेवला.

अंकांचा गठ्ठा गुरुजींनी नेऊन मोतीरामच्या दुकानात ठेवला. "रिकाम्या वेळी चाळून पाय," म्हणाले. पण लग्नसराईत फुलवाल्याला रिकामा वेळ कुठला? मोतीरामनं अंक उघडलाच नाही. त्यानं वेगळंच केलं. गुरुजींचा मान राखायचा म्हणून वरमाला न्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत एक एक अंक घातला. "आमच्या गुर्जीनं छापलं. फुकट हाय, घेऊन जा."

अशा रीतीनं नेतृत्व शिष्यवृत्तीची खबरबात वऱ्हाडातल्या लग्नघरांमधून वाचली जाऊ लागली.

पहिला फोन गजेंद्रचा आला. गजेंद्र म्हणजे शिष्यवृत्तीच्या सुरुवातीच्या वर्षांतला विद्यार्थी. दर्यापूरकडं गावोगावी पाणी अडवण्याचं काम करतो.

"गुर्जी, माह्या मामाले मूर्तिजापूरहून फोन आला. पोट्टी दाखवायची म्हणे."

"कोणाले?"

"मले."

"अरे, तुले तर लेकरं आहेत."

"मामानं तेच सांगितलं. तर ते म्हणे, मंग पुस्तकात काहून टाकलं? बायको बोलून नाई राहिली, गुर्जी. एकच विचारते, तुमी फोटो कधी काढला?"

गुरुजींना वाटलं, जगात एखादा चक्रम असतोच. पण त्यापाठोपाठ शेखरचा फोन आला.

"गुर्जी, ऑफिसात फोनवर फोन येऊन राहिले. एक बाई पत्रिका जुळवून द्यान का म्हणते. तुमी शेवटच्या पानावर काय टाकलं?"

"काही नाही बावा. रविवारी मेळावा, विद्यापीठाचं सभागृह, सर्वांनी सहकुटुंब यावं."

"सहकुटुंब!" म्हणून शेखरनं फोन ठेवला.

मग त्यांनी अंक हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा मजकूर दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचला. पिवळा कागद, गणपती, फोटो, जन्मतारीख, शेती, मामा. वर्षाकाठी समाजासमाजाचे परिचय मेळावे भरतात, उपवर मुलंमुली मंचावर येऊन माइकवर आपली ओळख करून देतात, आणि दारात एक पुस्तिका वाटतात. ती पुस्तिका हुबेहूब अशीच असते.

"मी त्याच दिवशी सांगणार होती," जमुनाबाई म्हणाल्या. "तुमी चहा ठेवायले लावला."

एकाएकी गुरुजींना आठवलं. अंकात आचलचंही पान होतं.

ते तडक दुकानावर गेले. तिथं आचलचे मामा, बंडू, स्टुलावर बसले होते. अंकात त्यांचाच नंबर होता, म्हणून त्यांनी मोबाइल चार्जिंगला लावून देवासारखा समोर ठेवला होता.

"भाऊजी, पोट्टीनं नाव काढलं," ते मोतीरामला सांगत होते. "एक नोकरीवाला, एक संत्र्याच्या बगीच्यावाला. एक तर कृषी विद्यापीठात आहे. सारे रविवारी अमरावतीले येऊन राहिले."

मोतीरामनं गुरुजींचे पायच धरले. "गुर्जी, तुमचे उपकार कसे फेडू? तुमी म्हणत होते ना, नाव होईन? झालं. आता कायचं चिखलदरा?"

"मोतीराम, ऐक. हे लगनाचं पुस्तक नाही."

"नसू द्या ना. स्थळं तं लगनाचीच हाय."

आचल कोपऱ्यात गजरे बांधत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "गुर्जी, तुमच्यावर भरवसा ठेवून मी फोटो देला होता."

एवढंच. पण गुरुजींना वाटलं, कोणीतरी आपल्याच हाताची छडी आपल्यालाच परत दिली.

रविवारी अमरावतीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी या मेळाव्याला पाठीमागच्या खुर्च्या भरायला शेखर शिपायांना बसवत असे. आज फेटेवाले काका होते, पेढ्यांचे डबे घेतलेल्या मावश्या होत्या. दारात एक गृहस्थ विचारत होते, "मुलीकडचे कोणत्या बाजूनं बसतात?" विद्यापीठाचे पाहुणे मात्र हरखून गेले. एवढी गर्दी माजी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

गुरुजींनी माइक घेतला. "मंडळी, एक गैरसमज झाला आहे. हा परिचय मेळावा नाही."

"चालन, गुर्जी," मागून आवाज आला. "लौकर सुरू करा, आमाले परतीची गाडी हाय."

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होता. एकेका माजी विद्यार्थ्यानं यायचं आणि आपलं काम सांगायचं. लोक कानांत प्राण आणून ऐकू लागले. गजेंद्रनं नाला कसा अडवला, विहिरींना पाणी कसं आलं, ते सांगितलं. टाळ्या पडल्या.

"स्वतःची शेती किती?" एका काकांनी विचारलं.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उभी राहिली आणि तिनं गजेंद्रकडं बोट केलं. "मी यायची बायको. पुढचा बलवा."

मग आचल आली. मोतीराम आणि बंडूमामा पुढंच बसले होते. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी आचल. आमचं फुलांचं दुकान आहे. आमच्या घरी फुलं माय तोडते, हार मी गुंफते, पण फुलाचा भाव आमी नाही ठरवत. बाबा पहाटे बाजारात जातात आन् समोरचा सांगन तो भाव घेऊन येतात. चिखलदऱ्याच्या बायांचंही तसंच आहे. कॉफी त्यांची, भाव दुसऱ्याचा. तो आपला आपण कसा ठरवावा, हे मले त्यांच्यासंग राहून शिकायचं आहे. वर्ष लागन. तुमी लांबून आले, तर खोटं कशाले बोलू? ज्यायले थांबता येईन त्यायनं थांबावं. नाई थांबता आलं, तर तेही बरं."

गुरुजींनी मोतीरामकडं पाहायचं टाळलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेत अंजनगावकडच्या पार्बताबाई उठल्या. नातवासाठी पोरगी पाहायला आल्या होत्या. "वर्षभर गेली तं काय बिघडलं? तूर पेरली का दुसऱ्या दिवशी उपटून पायता का? आमी थांबतो."

संत्र्याच्या बगीच्यावाले मागं कसे राहतील? "आमीबी थांबतो."

"आमचा पोरगा तं दोन वर्षं थांबन," कृषी विद्यापीठवाले म्हणाले.

बाजार समितीत बोली चढावी तशी थांबण्याची बोली चढत गेली. बंडूमामा मोजायचं विसरून नुसती मान डोलावत राहिले.

शेखरनं घाईघाईनं पुकारा केला, "पालक मोतीराम यांनी मंचावर यावं." मोतीराम आला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"जाऊ द्या पोट्टीले चिखलदऱ्याले," तो म्हणाला.

टाळ्यांच्या गदारोळात गुरुजींनी त्याचा हात धरला. "मोतीराम, तुले पटलं."

मोतीराम त्यांच्या कानाशी आला. "पटलं का नाई, ते मंग पाहू, गुर्जी. एकाले हो म्हटलं का बाकीच्या साऱ्याइले नाई म्हणा लागते. आन् हे सारे माह्ये हाराचे गिऱ्हाईक. पुढच्या सराईत मी कोणाले तोंड दाखवू? पोट्टी चिखलदऱ्याले गेली, म्हणजे कोणाले नाई म्हणायचं कामच नाई."

गुरुजींचा हात ढिला पडला. पण मोतीराम तिथंच उभा होता. खाली मुलीभोवती बाया जमल्या होत्या आणि ती त्यांना कॉफीचं झाड कसं असतं ते हातांनी दाखवत होती.

"पोट्टी इतकी बोलते हे मले माईत नव्हतं," तो म्हणाला. "घरी तं निस्ती मान खाली घालून गजरे बांधते." मग उपरण्यानं डोळे पुसले. "भेव अजून वाटतेच, गुर्जी. पण भ्यायले आता वर्षभर हाय."

आचलनं जाताना गुरुजींना वाकून नमस्कार केला. "पुढच्या अंकात माह्या मामाचा नंबर नका टाकू," एवढंच म्हणाली, आणि हसली.

गुरुजी अकोल्याला परतले ते विजयी वीरासारखे. गाडीत त्यांनी पुढच्या अंकाची आखणीसुद्धा केली. घरात शिरले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "जमुना, शिक्षण कोणत्या वाटेनं आत शिरते, ते सांगता नाही येत. चहा ठेव."

जमुनाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"अकोटहून फोन होता," त्या म्हणाल्या. "पुस्तक वाचून केला."

"कोणासाठी? आचलसाठी?"

"तुमच्यासाठी. पहिल्याच पानावर आहे ना तुमचा फोटो, कोटातला. त्यायले पेन्शनवालं स्थळ पाहिजे. विधुर चालते म्हणे."

गुरुजींनी कोटाचं वरचं बटण उघडलं. "मग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, मी आहे अजून. थांबता येत असन तर थांबा."