कूलरला भारी पडतील असे स्पीकर

हुडकेश्वरच्या आपल्या दहा बाय अकराच्या हॉलमध्ये संघपालच्या तोंडचं पाणी पळेल असा आवाज काढून दाखवतो, हे नागसेनने बायकोला सकाळच्या चहालाच सांगून टाकलं. नागसेन हिंगण्याच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करतो. नुसत्या आवाजावरून कुठला नट ढिला आहे ते सांगणारा माणूस, त्याला दोन स्पीकर आणि एक रिसिव्हर निवडता येऊ नये? भावनाने ऐकून घेतलं आणि दूध उतू जातंय का ते पाहायला गेली.

संघपाल म्हणजे नागसेनचा धाकटा साडू, भावनाच्या बहिणीचा, पायलचा नवरा. पोरगा चांगला, बोलायला गोड. नागसेनची खरी तक्रार हीच होती. भांडायला तो जागाच ठेवायचा नाही! सासरे बळीराम, म्हणजे मामाजी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कुहीहून नागपूरला आले, तेव्हा रीतीप्रमाणे थोरल्या जावयाकडे उतरायला हवे होते. उतरले संघपालकडे. डॉक्टरांनी महिनाभर टीव्ही बंद सांगितलेला, आणि संघपालकडे नवे स्पीकर होते. मामाजी तरुणपणी गायन पार्टीत ढोलक वाजवायचे. नागसेन भेटायला गेला, तर ते काळा चष्मा लावून भीमगीतं ऐकत होते आणि मांडीवर ठेका धरत होते. जावयाला पाहून त्यांनी एक हात वर केला, दुसऱ्याने ठेका सोडला नाही.

तो ठेका नागसेनच्या थेट काळजावर पडला. पायलने त्याच्यासाठी मुद्दाम सावजी मटण केलं होतं, पण तो जळफळतच दोन घास खाऊन उठला. थोरला जावई कोण, हे मामाजींना आता कानांनीच कळायला हवं होतं.

बर्डीच्या बाजारातल्या स्पीकरच्या दुकानात मालक मनोहररावांनी आधी खोलीचं माप विचारलं. एवढ्याशा खोलीला दोन लहान स्पीकर आणि साधा रिसिव्हर, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणारी पेटी, एवढं पुष्कळ झालं असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. एसीच्या गारव्यात गाणं लागलं आणि गायकाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. नागसेनने डोळे मिटले. आपल्या सतरंजीवर बसलेल्या मामाजींचा हात मांडीकडे निघालेला त्याला स्पष्ट दिसला.

घरी आणून तारा जोडल्या. मे महिना, दुपारचे दोन, खिडकीत कूलर सुरू. हा कूलर नागसेनने स्वतः पत्रा कापून बनवला होता आणि आत जुन्या बाजारातली मोटर बसवली होती, जी मुळात कूलरसाठी नव्हतीच. त्याने गाणं लावलं. रिसिव्हरवरचे दिवे नाचत होते, त्यावरून गाणं चालू असावं असा अंदाज करता येत होता.

"हे वाजून राहिले, का नुसते पाहाले आणले?" भावनाने विचारलं.

नागसेनने कूलर बंद करून पाहिला. चार मिनिटांत बनियन पाठीला चिकटलं, पाचव्या मिनिटाला त्याने स्वतःच कूलर सुरू केला.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण मत्सराने पेटलेला माणूस शास्त्राची कास धरतो. नागसेनने पाच मिनिटं कूलरचा आवाज मोबाईलमध्ये भरून घेतला आणि दुकान गाठलं. तो आवाज एका जोडीवर लावायला सांगितला आणि गाणं दुसऱ्या जोडीवर. "याले जो दाबेल, तो मले द्या," तो म्हणाला. मनोहररावांनी गाणी घेऊन येणारी गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती, कूलर घेऊन येणारं हे पहिलंच. सगळं दुकान घरघरू लागलं. माल बिघडलेला आहे असं समजून एक जोडपं परत गेलं. शेवटी जिंकली ती कमरेएवढी उंच जोडी आणि तिला शोभेल असा दांडगा रिसिव्हर. हे लग्नाच्या हॉलसाठी असतात, असं मनोहरराव म्हणाले. नागसेन म्हणाला, लहान परत घ्या, हे बांधा.

रविवारी मामाजी, पायल आणि संघपाल जेवायला आले. स्पीकरांना जागा हवी म्हणून सोफा गॅलरीत गेला होता, तेव्हा सगळे सतरंजीवर बसले. नागसेनने बटण फिरवलं आणि कूलर खरोखरच हरला! खिडकीच्या काचा थरथरल्या, ताटातली वाटी चालू लागली. संघपाल काहीतरी बोलला. ऐकू आलं नाही, पण तो हसत बोलला एवढं दिसलं, आणि नागसेनने आवाज आणखी चढवला.

लाईट गेली. मीटरजवळचं बटण पडलं होतं. वर केलं, पुन्हा पडलं. घराची वायरिंग जुनी आहे, कूलर आणि हे, दोन्ही एकदम झेपणार नाहीत, तेव्हा एक काहीतरी लावा, असं संघपालने अगदी अदबीने सुचवलं.

नागसेनने गाणं निवडलं. थोड्याच वेळात मामाजींचा सदरा घामाने भिजला. त्यांचा हात मांडीवर यायला मोकळाच नव्हता, टॉवेलने वारा घेण्यात गुंतला होता. भावना उठली. तिने गाणं बंद केलं आणि कूलर लावला. नागसेनला वाटलं, संपलं सगळं, म्हातारा आता जन्मभर धाकट्याचेच गुण गाणार.

मामाजी जागच्या जागी आडवे झाले आणि घोरू लागले. दोन तास घोरले. निघायची वेळ झाली तशी पायलने त्यांना हलवलं.

"तुम्ही जा वं," ते म्हणाले. "तुमच्या एसीत माह्ये गुडघे धरतात. आठ दिवसांत आज झोप लागली. पाणी पडेपर्यंत मी इथंच राहतो."

नागसेनला आकाश ठेंगणं झालं. जाताना संघपालच्या खांद्यावर हात ठेवून, मनाला लावून घेऊ नको, असंही तो म्हणाला.

मामाजी राहिले आणि कूलर दिवसरात्र राहिला. गाणं लावायची सोय उरली नाही. एका स्पीकरवर मामाजींच्या डोळ्याचे ड्रॉप आणि पाण्याचा लोटा असतो, दुसऱ्यावर त्यांचं धोतर वाळतं. हवेच्या तोंडाशी असल्याने लवकर वाळतं.

"काही म्हण, शेवटी आले तर आपल्याकडेच," दहाव्या दिवशी नागसेन कूलरपेक्षा मोठ्या आवाजात भावनाला म्हणाला.

"हो. पायलचा फोन होता. संघपाल भाऊजी रोज निवांत बसून गाणे ऐकून राहिले म्हणे. घर कसं शांत आहे म्हणे."

नागसेनने उठून स्पीकरवरचं धोतर उलटं करून वाळत घातलं.

"त्याले सांग," तो म्हणाला, "मी त्यालेही असाच एक कूलर बनवून देतो. फुकट."