तात्यांचा दुसरा ताप

येडशीच्या हायवेवर पोलादाला पाणी द्यावं तर म्याच. म्या पाणी दिलेला पहिला कोयता उसापर्यंत गेलाच न्हाय, कट्ट्यावर पडला आन् त्याचे दोन तुकडे झाले.

तवापासनं आमच्या लोहारकामाच्या दुकानाचे मालक अंबादासतात्यांनी मला भट्टीच्या पंख्यावर बसवलंय. चाळिशी ओलांडली, अजून पंखाच फिरवतोय.

लोक गळ्यात माळ घालत्यात, आमचे तात्या काळ्या दोऱ्यात लोहचुंबक घालत्यात. लालभडक पोलादाला चुंबक लावून बघायचं. चिकटलं तर अजून कच्चं. चिकटायचं सोडलं की तात्या म्हणणार, "माया तुटली, बुडव!" मग जळक्या ऑइलात चर्रर्र. त्या टायमाला कुणी बोलायचं न्हाय. एकदा म्या शिंक दाबली, दोन दिवस कान बसले.

ऑइलातनं निघालेलं पोलाद लई कडक, पर काचंवानी. कवा तडकंल सांगता येत न्हाय. म्हणून त्याला परत मंद तापवायचं, निळी झाक आली की राखंत निवू द्यायचं. ह्याला तात्या दुसरा ताप म्हणत्यात. गिऱ्हाइकानं घाई केली की विचारणार, "बाळंतीण उठली की लगेच दळण घेऊन गिरणीला धाडता का?"

हे म्या घरी कवतिकानं सांगितलं. बायको म्हणली, "तुमी मला धाडलं होतं की." तवापासनं दुकानातलं घरी सांगत न्हाय.

श्रावणातला सोमवार होता, पर पावसानं उघडीप दिलेली, ऊन कडक. एक ट्रॅक्टरवाला ट्रॉलीभर बायका घेऊन रामलिंगाच्या दर्शनाला निघालेला. ट्रॉली जोडायची पिन वाकली म्हणून दुकानात आला. तात्यांनी ट्रकच्या मोडक्या ॲक्सलचा तुकडा घेतला, पिन घडवली, ऑइलात बुडवली आन् भाकरी खायला घरी गेले. जाताना म्हणले, "दुसरा ताप म्या येऊन देतो. तू हात लावू नको."

भाईर बायकांची गाणी, ट्रॅक्टरचा हारन. मला मोठेपणा सुचला. ऑइलातनं पिन काढली, पॉलिश पेपरानं घासली, ट्रॉलीला ठोकून बसवली. एक बाई म्हणली, "लई गुणाचा माणूस हाय गं." झालं, म्या फुगलो.

तात्या आले, ऑइलात चिमटा घातला.

"पिन कुठं?"

"गेली की! आरशावानी चमकत होती."

"निळी का पांढरी?"

"पांढरी."

तात्या पिनीपरीस पांढरे पडले. "ट्रॉलीत बायाबापड्या हायत रं! म्होरं उतार हाय. गाडी काढ!" म्हणत त्यांनी हातोडी आन् दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी करून ठिवलेली पिन पिशवीत टाकली.

माझ्या मोटारसायकलीवर तात्या जन्मात बसले न्हवते. त्या दिवशी बसले, आन् वाटभर माझ्या पाठीवर बुक्क्या हाणत होते. म्या बैलावानी पळालो. उताराच्या अलीकडं ट्रॉली गाठली. तात्या दोनी हात वर करून रस्त्याच्या मधोमध हुभे राहिले.

बायका खाली उतरवल्या. तात्यांनी पिन काढली, दगडावर ठिवली, हातोडीचा एकच घाव घातला. ठण्ण! दोन तुकडे.

गाणी म्हणणाऱ्या बायका तुकडे बघाय वाकल्या. ट्रॅक्टरवाला लाल झाला. "ही चूक कुणाची?"

म्या ढगात कायतरी हुडकाय लागलो.

तात्यांनी बायकांम्होरं हात जोडले. "पिन म्या केली. चूक माझी हाय." मग पिशवीतनं दोनी ताप झालेली दुसरी पिन काढली आन् बसवली. माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाय.

मला त्यांचं ते न बघणं सोसंना. म्हणून कडंच्या म्हातारीला म्हणलो, "मावशी, म्या गाडी अशी पळवली म्हणून वाचलात बरं का."

तिनं मला वरनं खालपर्यंत बघितलं.

"लई शाणा हायस. म्हातारा अनवाणी आलाय, डांबरावर पाय भाजत्यात त्याचं. चपला काढ तुझ्या, आन् दे त्याला."