रेशमाच्या शेडमधला नामघोष

जानरावांच्या रेशमाच्या अळ्या कोष विणायला टेकल्या होत्या आणि ऑक्टोबरचं ऊन शेडवर तापत होतं. पारा अठ्ठावीसच्या वर गेला की अळ्या माना टाकत. कपाशीने दोनदा दगा दिल्यावर घराची सगळी आशा याच अळ्यांवर होती. म्हणून त्यांनी अकोटच्या इनायतुल्लाच्या दुकानातून दोन बिनतारी तापमापकं पसंतीवर आणली. प्रत्येकात शेडमध्ये ठेवायची एक मोजणारी डबी, आणि पारा चढला की घरात वाजणारी एक बोलणारी.

"हे निस्तं टीं टीं करते. त्याच्यात तुमाले पाहिजे तो आवाज भरा," इनायतुल्ला म्हणाला होता. "जमंल ते ठेवा, दुसरं वापस करा, जानरावभाऊ."

जानरावांनी मोजणारी डबी चहाच्या कपाजवळ धरली, काखेत धरली, म्हशीच्या कानाला लावून पाहिली. आकडे बदलत गेले तसे ते हरखत गेले.

"टीं टींवालं ठेवा," त्यांच्या पत्नी सुभद्राबाई म्हणाल्या.

पण ज्याचे कान कीर्तनावर पोसले, त्याला टीं टीं कशी रुचावी? त्यांनी दुसऱ्यात आपल्याच गळ्यानं, टाळासकट, "विठ्ठल विठ्ठल" भरलं. पत्र्याच्या भिंतीतून घरापर्यंत खबर पोचेना, तेव्हा बोलणारी डबीही शेडमध्येच टांगली.

दुपारी डबी गाऊ लागली. जानराव गारव्यासाठी पोती भिजवायला धावले, तोवर शेजारचे नत्थुजी टाळ घेऊन आत बसलेही. मागोमाग भागीरथाकाकू, मग निम्मी आळी.

"एकटेच नाम घेऊन राहिले, जानराव? आमाले सांगतलं नाही."

"भजन नाही नत्थुजी, शेड तापली म्हणून वाजून राहिलं."

"तापू द्या. नाम ते नामच."

माणसं वाढली तसा पारा चढला. पारा चढला तशी डबी थांबेना. आणि चालत्या नामातून उठून जाणार कोण?

"अवो, बटन दाबा न," सुभद्राबाई कानाशी लागल्या. "अळ्या माना टाकून राहिल्या."

जानरावांनी बोट नेलं आणि मागे घेतलं. "देवाचं नाव मधातच तोडू? मले नाही होत."

सुभद्राबाई बाहेर गेल्या आणि निंबाखालून हाक दिली, "प्रसादाचा शिरा तयार हाये."

शिरा अजून रव्यातच होता, पण शेड रिकामी झाली. पोती भिजली, वारा फिरला, डबी आपसूक गप्प झाली. अळ्यांनी माना उचलल्या.

जानरावांनी गाणारं यंत्र निमूट पिशवीत घातलं आणि दुसरं टांगलं. दुसऱ्या दुपारी ते टीं टीं करू लागलं. पोती घेऊन ते धावले, तर दारात नत्थुजी. टाळ नव्हते, हातात वाटी होती.

"आज चाल बदलली वाट्टे," ते म्हणाले. "वैनी, शिरा झाला काय?"