सासऱ्यांची साखर

माणसानं वाचलेलं वाया जात नाही. मासिकात 'मधुमेह कसा ओळखावा' हा लेख वाचला आणि आमच्या बसवनगुडीच्या घरातला रोगी मी त्याच आठवड्यात हुडकून काढला. (डॉक्टर व्हायचो, चुकून कारकून झालो!) रोगी म्हणजे माझे सासरे नरसिंहराव, आमचे मामा. होसपेटहून लेकीकडे राहायला आले होते.

लक्षणं अगदी उघड होती. रात्री घसा कोरडा पडून मी पाणी प्यायला उठावं, तर बाहेरच्या खोलीत मामा उठून बसलेले. लघवीला परसात जावं, तरी मामा बसलेले. पुन्हा तांब्याकडे जावं, पुन्हा तेच. लेखात स्वच्छ लिहिलं होतं, मधुमेही माणूस रात्री सारखा उठतो.

दुपारी मी मामांच्या ताटातली पुरणपोळी उचलली. "मामा, आजपासून गोड बंद!"

मामांचा चेहरा एवढासा झाला. बायको, हेमलता, कडाडली, "अहो, काहीतरीच काय! बाबांच्या तोंडचा घास काढता?"

"प्राण वाचवतोय त्यांचे," मी अभिमानानं म्हणालो आणि संध्याकाळी दोघांना घेऊन डॉक्टर जयतीर्थांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तपासणीसाठी मामांच्या हातात बाटली दिली. मामांनी ती माझ्यापुढे केली. "आधी जावईबापू. मान त्यांचा."

"मामा, ही काय पंगत आहे?"

पण मामा हटेनात. शेवटी त्यांच्या जिवासाठी तोही मान मी घेतला.

डॉक्टरांनी दोन्ही नमुने साखर दाखवणाऱ्या निळ्या औषधात घालून दिव्यावर तापवले. मामांचं निळंच राहिलं. माझं विटेसारखं लाल झालं.

"बाटल्या बदलल्या असतील," मी म्हणालो. हेमलतेनं माझा हात घट्ट धरला.

डॉक्टरांनी मामांना विचारलं, "मग रात्री तुम्ही का उठत होता?"

"जावई उशापायथ्यावरून जाणार आणि आम्ही आडवे पडून राहणार? शोभतं का ते? ते उठले की मी उठून बसतो. आल्यापासून डोळ्याला डोळा नाही!" मग मी कितीदा उठतो, कसा उभ्या उभ्या तांब्या रिकामा करतो, सगळं मामांनी साग्रसंगीत सांगितलं.

"सरी, ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "स्वल्प पथ्य, स्वल्प औषध. घाबरू नका, वेळेवर कळलं. घरात इतकं बारीक लक्ष ठेवणारा माणूस आहे, भाग्यवान आहात!"

माझा ऊर भरून आला. काही झालं तरी दवाखान्यात आणलं कुणी? मी उठलो, कोट नीट केला आणि नम्रपणे हात पुढे केला.

डॉक्टरांनी तो हलकेच बाजूला सारला आणि मामांशी हस्तांदोलन केलं.