चुका काढणारी आत्या

देवकाआत्या लग्नाला गेली की आधी नवरी बघत नाही, आचाऱ्याला गाठते. भाताची दोन शितं बोटांत चिरडून ती जाहीर करते, "इथं चुकलं तुमचं." मग वरणाकडे वळते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातल्या एका धोरणी वधुपित्याने पहिलं ताट तिलाच वाढलं, म्हणजे एकदाचा निकाल लागून जाईल. आत्या निमूट जेवली, हात धुऊन आली आणि म्हणाली, "नळ वाटेवर लावला तुमी. साऱ्या बायांचे पदर ओले होऊन राहिले." नवऱ्या मुलाची आई त्या वेळी पदर पिळतच उभी होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. करडीला राहते आणि धानाची शेती स्वतः बघते. मोहाडीच्या बाजारात भाजीवाल्या तिला लांबून पाहिलं की टोपलीतली वांगी वरखाली करून ठेवतात. एकदा ती ताप घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिला औषध लिहून दिलं आणि तिने डॉक्टरांना बाहेरचं बाक कुठे हलवायचं ते सांगितलं. कारण आजारी माणसं तोंडावर ऊन घेत बसली होती. पंधरा दिवसांनी बाक सावलीत आलेलं होतं. आत्याच्या बाबतीत खरी अडचण हीच आहे, तिचं बरोबर असतं. चुकीचं बोलणाऱ्याला माणसं सोसतात, पण हिला कोण सोसणार? त्यामुळे सगळे तिला मान देतात, पहिलं ताट देतात आणि लवकर वाटेला लावतात.

मी तेव्हा इंटरॅक्शन डिझाइनमध्ये मास्टर्स करत होते. म्हणजे फोनवर, एटीएमवर, तिकिटाच्या मशीनवर कोणतं बटण कुठे असावं, कोणता शब्द लिहावा, जेणेकरून माणूस गोंधळणार नाही, हे ठरवायचं शिक्षण. आमच्या आंधळगावात याचा अर्थ 'पोरगी मोबाइल दुरुस्त करते' एवढाच घेतला गेला. सुटीत घरी आले की ओसरीवर बंद पडलेल्या फोनांची रांग लागायची. "यात नोकरी लागते का?" हा प्रश्न बाबा मला कधीच विचारत नसत. आईला विचारत, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

शेवटच्या प्रकल्पासाठी मी एक अ‍ॅप करत होते. धान मळायच्या मशीनचा नंबर घरबसल्या लावायचा, एवढंच त्याचं काम. पुण्याची एक कंपनी हा प्रकल्प पाहून मला घ्यायचं की नाही ते ठरवणार होती. मी गावभर फिरून लोकांना अ‍ॅप वापरायला दिलं आणि अहवाल पाठवला. मार्गदर्शक बाईंचा फोन आला, "इतक्या लोकांनी वापरलं आणि एकालाही अडचण आली नाही? मग तू तपासलंस काय?" हातात तीन आठवडे होते.

दोष माझा नव्हता, गावाच्या चांगुलपणाचा होता. गावच्या लेकीने काही करून आणलं तर त्याला नाव ठेवायचं कसं? बटण सापडलं नाही तरी लोक "लय मस्त हाय बाई" म्हणायचे आणि चहा पाजायचे. एका काकांनी तर फोन उलटा धरून कौतुक केलं.

मी रडकुंडीला आले तेव्हा बाबा म्हणाले, "देवकाआत्याकडे जा. थे काही बोलल्याबिगर राहणार नाही."

आत्याने फोन हातात घेतला आणि पहिल्याच पानावर अडली.

"हे काय विचारते?"

"किती एकर थे."

"एकर मंग विचारजो. मशीन धानाच्या बांधीत जाईन का नाही, थे पयले विचार. रस्ताच नसन तं नंबर लावून काय करू? इथं चुकलं तुमचं."

मी वही उघडली.

"अन् तारीख कायले? धान तारीख पाहून वाळते का?"

मी लिहीत होते.

"हे लाल बटन काहून एवढं मोठं? लोकाइले नंबर लावाचा हाय का मोडाचा?"

'रद्द करा' हे बटण मी मोठ्या अभिमानाने लाल केलं होतं. तासाभरात एकोणीस चुका निघाल्या. मी वही मिटली तेव्हा आत्या माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होती.

"हे सारं लिवलं तू?"

"हो ना."

"काहून?"

"दुरुस्त करीन अन् परवा पुन्हा दाखवाले आणीन."

ती उठली आणि लाखोळीच्या डाळीचे वडे तळायला बसली.

मग मी एक दिवसाआड करडीला जाऊ लागले. चुका एकोणीसवरून अकरावर आल्या, अकरावरून चारवर. वडे मात्र वाढत गेले. फोन बाजूला ठेवून आत्या शेजारणींच्या, सुनांच्या, सरपंचाच्या चुका सांगायची, आणि मी हसून हसून बेजार व्हायचे. ती इतकी गमतीशीर आहे हे मला चोवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला माहीतच नसावं.

शेवटच्या दिवशी मी पक्कं अ‍ॅप घेऊन गेले. संध्याकाळी ते पाठवायचं होतं. आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात की वापरणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, बोटाकडे बघा. बोट अडलं की काहीतरी चुकलं. मी आत्याच्या बोटाकडे बघत बसले. रस्ता, धान, एकर, नाव. बोट कुठेही अडलं नाही. नंबर लागला. मी आनंदाने ओरडणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "इथं चुकलं तुमचं."

"कुठं?"

तिने फोनचा पडदा वरखाली केला. पुन्हा केला. "हा हिरवा गंज हिरवा झाला." गंज म्हणजे आमच्याकडे फार.

"आत्या, हिरवा तूच सांगतला होता."

"अन् अक्षर जाड हाय."

"थे पण तूच सांगतलं."

"मंग आता बारीक कर." तिने फोन माझ्या हातात दिला आणि अंगणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सारं बरोबर झालं म्हनलं का तू पुण्याले जाशीन. मंग इकडं कायले येशीन?"

 मी वहीत मान घातली आणि लिहिलं, 'हिरवा फार हिरवा. अक्षर जाड.' म्हटलं, "दुरुस्त करून गुरुवारी आणीन."

संध्याकाळी मी अ‍ॅप होतं तसंच पाठवून दिलं. बुधवारी पुण्याहून होकार आला. आईने पेढे वाटले आणि बाबांनी ओसरीवरचे सगळे फोन ज्याचे त्याला परत केले.

गुरुवारी मी करडीला गेले. तोच हिरवा, तेच जाड अक्षर. आत्याने फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आता थोडं जमलं," ती म्हणाली. "पण अजून गंज बाकी हाय. पयले जेवून घे."